पुणं बघायचंय? मग आधी घड्याळ बघा

दर सुट्टीला कुणाचा तरी मेसेज येतोच, "पुण्यात दोन दिवस आहोत, काय काय बघू?" कधी नागपूरचा मावसभाऊ असतो, कधी ऑफिसातल्या कुणाच्या तरी सासरची मंडळी असतात, आणि सोबत नेटवरून उचललेली एक लिस्ट असते ज्यात शनिवारवाडा, सिंहगड, आगाखान पॅलेस, दगडूशेठ आणि वर एखादा मॉल असं सगळं एका दिवसात कोंबलेलं असतं. लिस्ट बरोबरच असते हो, वेळा चुकतात. शनिवारवाडा भर दुपारी एक वाजता, तुळशीबाग रविवारी संध्याकाळी, सिंहगड रविवारी सकाळी अकराला गाडी घेऊन, म्हणजे घाटात पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघायची आणि परत यायचं. मग घरी जाऊन सांगतात, पुण्यात तसं बघण्यासारखं काही नाही. म्हणून मी खाली जे लिहितेय ते घड्याळाच्या क्रमाने लिहितेय. कुठली जागा कुठल्या वेळेला गाठायची एवढं जमलं तरी पुणं बऱ्यापैकी हाताला लागतं.

आधी गाडीचं बोलून घेऊ. पेठांमध्ये चारचाकी आणू नका, प्लीज. लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड सगळीकडे वन वेचा खेळ आहे, एक वळण चुकलं की पाच मिनिटांच्या जागेला पाऊण तास लागतो, आणि ज्याच्या दुकानासमोर गाडी लावाल तो तुम्हाला आदराने काहीच बोलणार नाही. आणलीच असेल तर मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळावर टाका आणि विसरून जा. त्यापेक्षा मेट्रोने या. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून खरंच सोपं झालंय, पिंपरीकडून येणारी लाइन शहराच्या पोटातून जाते आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी स्टेशनं लागतात, दुसरी लाइन वनाजहून रामवाडीला जाते, दोन्ही जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला भेटतात. तिथे गाडी बदलताना सरकते जिने एकामागोमाग एक संपतच नाहीत, स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे, लहान मुलं बरोबर असतील तर तेही एक प्रेक्षणीय स्थळच समजा.

राहायचं ठरवताना पण एवढंच बघा की मेट्रो स्टेशन चालत गाठता येतंय का. डेक्कन किंवा पुणे रेल्वे स्टेशनजवळ राहिलात तर उत्तम. हिंजवडीत स्वस्तात चांगली रूम मिळाली म्हणून उड्या मारू नका, तिथून रोज शहरात येणं म्हणजे सुट्टी नाही, नोकरीच.

तर पहिला दिवस पेठांचा, आणि पायीच. शक्यतो रविवार सोडून. सकाळी कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि शनिवारवाडा उघडल्या उघडल्या आत शिरा. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे निराशा होणार नाही, आत राजवाडा नाहीये. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली, दोन्ही दिवस शनिवार, पण १८२८ मध्ये मोठी आग लागली, कित्येक दिवस धुमसत होती म्हणतात, आणि लाकडी इमारती सगळ्या गेल्या. आता उरलेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतली दगडी जोती. त्यामुळे आत जाऊन "हे काय, नुसती बाग आहे" असं म्हणणारी पब्लिक असते ती दहा मिनिटांत सेल्फी काढून बाहेर पडते. तुम्ही असं करू नका. दिल्ली दरवाज्याशी थांबा, दाराच्या फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत त्यांची उंची बघा, हत्तीने डोकं लावून दार फोडू नये म्हणून ते बरोबर हत्तीच्या कपाळाला येतील असे ठोकलेत, बोटाने टोक चाचपून बघितलं की अजूनही कळतं काय प्रकार होता तो. मोठं दार उघडायची गरज नाही अशा वेळी ये-जा करायला त्याच दारात एक छोटी दिंडी आहे, माणसाला वाकूनच आत यावं लागतं. मग वर नगारखान्यात जा, आणि तिथून तटावर चालत एक चक्कर मारा. वरून खालची जोती बघितली की दालनांचा, चौकांचा नकाशा डोळ्यासमोर येतो, खाली उभं राहून तो कधीच कळत नाही. हजारी कारंजंही वरूनच बघा, कमळाच्या पाकळ्यांचा आकार तिथूनच नीट दिसतो. नारायणराव पेशव्यांचा खून इथलाच, ३० ऑगस्ट १७७३. अमावास्येला "काका मला वाचवा" ऐकू येतं वगैरे कथा गाइड लोक रंगवून सांगतील, ऐकायला मजा येते, ऐका आणि सोडून द्या.

हे सगळं साडेनऊच्या आत उरकायचं कारण ऊन. आत सावली फार नाही आणि एप्रिल-मेमध्ये तर दगड तापतात.

लाल महाल समोरच आहे. आत्ताची इमारत मूळ नव्हे, नंतर महापालिकेने बांधलेली आहे, पण १६६३ मध्ये महाराजांनी शाहिस्तेखानाची बोटं कापली ती जागा हीच, त्यामुळे मुलांना घेऊन पाच-दहा मिनिटं जायला हरकत नाही. तिथून कसबा गणपतीला चालत काहीच लांब नाही. हे पुण्याचं ग्रामदैवत, पुण्यातल्या लग्नाची पहिली पत्रिका इथे ठेवतात, सकाळच्या वेळी गर्दी नसते, दोन मिनिटं शांत बसता येतं, आणि बाहेरच्या गल्लीत अजून जुने वाडे दिसतात, अर्धे पाडलेले, अर्धे बिल्डरच्या बोर्डामागे. बघून घ्या, पुढच्या वेळी असतील याची खात्री नाही.

आता इथून लोक सरळ दगडूशेठला जातात आणि मला तिथेच वाईट वाटतं. कसब्यातच तांबट आळी आहे, तिकडे वळा. नकाशात शोधायच्या आधी कानाने सापडेल, ठक ठक ठक ठक असा आवाज लागला की आलात. पेशव्यांच्या काळात इथे वसलेल्या तांबट घराण्यांतले कारागीर अजून हंडे, घंगाळं, तपेली, बंब ठोकतात, आता डिझायनर दिवे आणि पाण्याच्या बाटल्यापण करतात कारण बंब घेणार कोण. भांड्याला आकार आला की मग मठारकाम असतं, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सगळ्या अंगावर एकसारखे ठोके मारत जायचे, ठोके इतके जवळ आणि इतके सारखे की भांड्यावर छोट्या छोट्या आरशांची जाळी तयार होते, आणि कारागीर हे करताना तुमच्याशी बोलत पण असतो, भांडं दुसऱ्या हाताने फिरवत पण असतो, हात कुठेही चुकत नाही. बघायला तिकीट नाही. फक्त विचारून उभे राहा, कामाच्या मधे येऊ नका, फोटो काढायच्या आधी विचारा. घ्यायचं असेल तर भाव बहुतेक वजनावर असतो, आणि पिण्याच्या पाण्यासाठी घेताय की आंबट पदार्थासाठी ते सांगा, कल्हई लागते की नाही ते तेच सांगतील. आवाज दहाच्या सुमाराला जोरात सुरू होतो, त्यामुळे शनिवारवाडा आणि कसबा करून इकडे यायचं हा क्रम बरोबर बसतो.

आणि मग नागझरी ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. पुण्यात जन्म गेलेल्या कितीतरी लोकांनी हे देऊळ बघितलेलं नाही, मी पैजेवर सांगते. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावी यांनी बांधायला घेतलं, १७७० मध्ये प्रतिष्ठापना झाली. गल्लीत, घरांच्या मधे, काळ्या दगडाचं देऊळ, शिखर नाही, त्यामुळे लांबून कळतच नाही. आतला गणपती मोरावर बसलाय आणि त्याला तीन सोंडा आहेत, शेंदराखाली नीट बघावं लागतं. पण खरं काम आहे ते दर्शनी भिंतीवर, तिथे द्वारपाल आहेत, हत्ती आहेत, आणि एका पट्टीत चक्क इंग्रज शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधतायत. टोपी, बंदूक, सगळं. प्लासीच्या लढाईनंतर कंपनीने बंगाल-आसामकडचा मुलूख गिळला त्यावरचं हे भाष्य आहे असा एक अर्थ लावतात. अर्थ काहीही असो, पेशवाईतल्या पुण्याच्या एका गोसाव्याला देवळाच्या दारावर हे कोरावंसं वाटलं ही गोष्ट मला कुठल्याही म्युझियमपेक्षा भारी वाटते. गाभाऱ्यात संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, खाली तळघरात समाधी आहे पण तळघर गुरुपौर्णिमेलाच उघडतात. सकाळी जा, तिरका उजेड असताना कोरीवकाम उठून दिसतं.

एव्हाना भूक लागलेली असणार. मिसळ खायचीच तर नारायण पेठेत बेडेकर आहे, ती जराशी गोडसर लागते, कोल्हापूर-नाशिककडच्यांना तर्री कमी वाटेल, तिखट झेपत असेल तर डेक्कनकडे काटाकिर्रला जा. दोन्हीकडे शनिवार-रविवारी रांग असते आणि रांगेत उभं राहून कुठली मिसळ खरी यावर भांडणं ऐकायला मिळतात. त्यात पडू नका, तुम्ही पाहुणे आहात. रांग नको असेल तर कुठल्याही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा आणि क्रीमरोल घ्या, पोटाचं काम होतं.

दगडूशेठचं दर्शन बाहेर रस्त्यावरूनही होतं, आत जायचं असेल तर संकष्टी, मंगळवार टाळा. देवळाच्या समोरच भिडे वाड्याची जागा आहे जिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा पडायला आला होता, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो पाडला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं चाललंय, पण जागा म्हणून बघाच, कारण देवळासमोर हजारो लोक उभे असतात आणि पाठीमागे काय आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात रस असेल तर गंज पेठेतला फुले वाडा वेगळा काढून बघा, साधं घर आहे, मागे अंगण, आणि अस्पृश्यांसाठी १८६८ मध्ये खुला केलेला हौद-विहिरीचा इतिहास तिथलाच. दगडूशेठ जितकं झगमगीत तितकं हे शांत.

पुढे पुस्तकांचा नाद असेल तर अप्पा बळवंत चौक, म्हणजे एबीसी. नसेल तर तांबडी जोगेश्वरीवरून बाजीराव रोडला विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांचा, १८०७ चा, आणि शनिवारवाड्यात जे जळलं ते कसं दिसत असेल याचा अंदाज इथे येतो, कोरीव सज्जा, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, केळफुलं. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि त्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. रस्त्यावरून लाखभर लोक जातात, मान वर करून सज्जा कोणी बघत नाही, तुम्ही समोरच्या फुटपाथवर जाऊन बघा, फक्त बसपासून सांभाळून.

तुळशीबागेत जायचं तर साडेअकरा-बारापर्यंत, आठवड्याच्या मधल्या दिवशी. भांड्यांपासून हेअरक्लिपपर्यंत सगळं, आणि घासाघीस करता येत नसेल तर एखादी मावशी-काकू बरोबर घ्या. बायका खरेदीत असतात तोवर बाकीच्यांनी आतलं राममंदिर बघून घ्यावं, गर्दीच्या मधोमध मोठा फरसबंद चौक आणि उंच शिखर, बाहेरचा कलकलाट एकदम कमी होतो. नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी हे बांधलं. पलीकडे महात्मा फुले मंडई, १८८६ ची इमारत, अष्टकोनी, मधे मनोरा, जुनं नाव रे मार्केट. आत भाजीवाल्यांचे गाळे चढत्या पायऱ्यांवर असतात, भाजीवाल्या मावशी वरून बोलतात आणि आपण खालून. भाव विचारून भाजी न घेता पुढे गेलात तर काहीतरी ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

आता दुपार. एक ते चार पुण्यातली दुकानं बंद असतात यावर इतके जोक झालेत की आता बऱ्याच मोठ्या दुकानांनी ती सवय सोडलीय, पण पेठांमधली छोटी दुकानं, देवळांचे गाभारे अजून दुपारी मिटतातच. हा वेळ राजा केळकर म्युझियमसाठी ठेवा. बाजीराव रोडलाच आहे, सावलीत आहे, आणि मंडईपासून चालत. माझ्या मते पुण्यात एकच जागा बघायची असेल तर ही. दिनकर केळकर, जे अज्ञातवासी नावाने कविता लिहायचे, त्यांनी त्यांच्या लहानपणीच गेलेल्या एकुलत्या एका मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभं केलं, आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या आणि शेवटी सगळा संग्रह सरकारला दिला. वस्तू वीस हजारांच्या वर आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. पण राजेमहाराजांच्या तलवारी बघायला जाऊ नका. इथे बघायचं ते घरातलं. अडकित्ते बघा, पितळी अडकित्त्यांचे आकार म्हणजे कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे जोडपंच, सुपारी कातरायच्या साध्या कामाला एवढी हौस. टाचा घासायच्या वज्री बघा, त्यांच्यावर पण पक्षी बसलेत. दिवे, कुलपं, दौती, गंजिफा, सोंगट्या, शेवयाचे साचे. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून आणून इथे पुन्हा उभा केलाय तोही आहे. ज्येष्ठ नागरिकांना घेऊन गेलात तर प्रत्येक काचेपुढे "अगं हे आमच्या आजीकडे होतं" सुरू होतं, मग दोन तास कमी पडतात. जिने आहेत बरेच, गुडघेदुखीवाल्यांनी तळमजला आणि पहिला मजला करून थांबावं.

संध्याकाळी पर्वती. १०३ पायऱ्या, पण रुंद आणि उताराच्या, हत्ती चढू शकेल अशा बांधल्यात म्हणतात, त्यामुळे दमायला होत नाही, दम खात खात जा. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ, साल १७४९. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब इथेच गेले. आणि १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये खडकीची लढाई चालू असताना दुसरे बाजीराव इथून बघत होते, ती जागा वर दाखवतात. सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा, सगळं शहर खाली पसरलेलं असतं, सकाळपासून चाललात तो पट्टा बोटाने दाखवता येतो. खाली उतरलात की सारसबाग जवळच, तळ्यातला गणपती, आणि बाहेर चौपाटीवर पावभाजी. नाहीतर मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट मिल्कशेक, प्यायला सुजाता किंवा कावरे, आंब्याच्या सीझनमध्ये आलात तर आंबा मस्तानीच, दुसरं काही मागू नका.

अंगात त्राण असेल तर रात्री नाटक बघा. पुण्याची संस्कृती संस्कृती म्हणतात ती बघायची तर नाटकाला जायलाच पाहिजे, वाडे काय, मेलेले आहेत. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, कुठे ना कुठे प्रयोग असतोच, साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ अशा वेळा. पेपरातल्या जाहिराती बघा किंवा ऑनलाइन बुक करा, पण बालगंधर्वच्या खिडकीवर प्लॅन बघून सीट निवडायची मजा वेगळी. मध्यंतरात बटाटावड्याची रांग लागते, पडदा पडायच्या आधी दोन मिनिटं कडेच्या सीटवरचे लोक का उठतात ते मग कळेल. आणि मोबाइल बंद ठेवा, खरंच बंद, वाजला तर स्टेजवरून आणि मागच्या रांगेतून दोन्हीकडून ऐकायला मिळेल.

दुसरा दिवस जरा सैल ठेवा. सकाळी जंगली महाराज रोडला पाताळेश्वर, एका अखंड खडकात खोदलेलं आठव्या शतकाच्या आसपासचं लेणं, राष्ट्रकूट काळातलं, समोर गोल नंदीमंडप, छत्रीसारखं जाड दगडी छत. पुणं पेशव्यांपासून सुरू झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावंच. काम अर्धवट सोडलेलं आहे, आत खांबांवर छिन्नीच्या खुणा दिसतात. बाहेर रस्त्यावर एवढा ट्रॅफिक आणि खाली उतरलं की गारवा. शेजारीच जंगली महाराजांची समाधी. तिथून नाश्त्याला एफसी रोड, वैशालीत डोसा नाहीतर एसपीडीपी (शेव-बटाटा-दहीपुरी), किंवा गुडलकला बन मस्का आणि चहा, रविवारी दोन्हीकडे नाव लिहून ताटकळत बसायचं असतं.

नंतर कॅम्प, म्हणजे इंग्रजांनी वसवलेला लष्करी छावणीचा भाग. पेठांमधून कॅम्पात गेलं की गाव बदलल्यासारखं वाटतं, पारशी, बोहरी, ख्रिश्चन, ज्यू सगळ्यांच्या खुणा. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं १८६७ चं सिनेगॉग, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, बाहेरून बघा, आत जायला आधी परवानगी लागते. कयानीची श्रूसबेरी बिस्किटं घ्यायची तर सकाळीच, दुपारी दुकान बंद असतं. आणि दुपारनंतर मेट्रोने कल्याणीनगरला उतरून आगाखान पॅलेस. १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून आगाखानांनी बांधला, पण त्याचं महत्त्व आहे ते ४२ च्या आंदोलनामुळे. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी इथे नजरकैदेत होते. आल्यावर आठवड्याच्या आत, १५ ऑगस्ट १९४२ ला, महादेवभाई देसाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत, बरेच जण पुढच्या कमानींत फोटो काढून निघतात आणि मागे जातच नाहीत. मागे जा. समाधीस्थळाची आखणी चार्ल्स कोरियांची आहे, अगदी साधी. संध्याकाळच्या आत पोचा कारण साडेपाचला बंद होतं.

यायचे दिवस तुमच्या हातात असतील तर तीनच वेळा आहेत. गणपतीत या, पण मग वाडे-म्युझियम विसरा, दुपारी झोपा आणि रात्री दहानंतर बाहेर पडा, देखावे बघायला मधले दिवस चांगले, शेवटच्या शनिवार-रविवारी पेठांत मुंगी शिरत नाही. विसर्जनाला कसब्याचा पहिला, मग जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हा मान ठरलेला आहे. मानाचे पाच आणि ढोलपथकं बघायची तर सकाळीच लक्ष्मी रोडला कुणाच्या ओळखीच्या गॅलरीत जागा पकडा, लहान मुलांना रस्त्यावर नेऊ नका, कानात कापूस घाला, मी चेष्टा करत नाहीये. दुसरी वेळ आषाढी वारीची. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या दोन्ही पालख्या एकाच दिवशी पुण्यात येतात, भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्काम. एफसी रोडला उभे राहिलात तर दिंड्या समोरून जातात, मुक्कामाच्या दिवशी पेठांमध्ये वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे, चपला शिवून देणारे, दाढी करून देणारे लोक बसलेले असतात. नुसते बघे बनून जाऊ नका, दोन डझन केळी घेऊन गेलात तरी कामाला लागाल. तिसरी डिसेंबरातली, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ सुरू केलेला, पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला. खुर्चीपेक्षा खालच्या भारतीय बैठकीचं तिकीट काढा, शाल न्या, आणि शेजारी बसलेले आजोबा राग ओळखून पुटपुटतील तेव्हा मान हलवा.

सिंहगड तिसऱ्या दिवशी, आणि तोही सोमवार ते शुक्रवार. स्वारगेटवरून पीएमपीच्या सिटी बसने पायथ्याशी आतकरवाडीकडे जा, सहा-साडेसहाला चढायला लागलात तर तासा-दीड तासात पुणे दरवाज्यात. वर तानाजींची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, देवटाक्याचं गार पाणी, आणि दुसऱ्या अंगाला कल्याण दरवाजा, तिकडे गर्दी कमी असते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे ज्या बाजूने चढले तो कडा वरून वाकून बघू नका, पावसाळ्यात दगड निसरडे असतात. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही हे सगळं खाऊनच उतरा, प्लास्टिकच्या बाटल्या खाली घेऊन या. पावसात घाटरस्ता दरड पडून बंद होऊ शकतो, निघायच्या आधी चौकशी करा.

पत्ता विचारताना गूगल मॅपपेक्षा माणसं बरी, फक्त उत्तर देवांच्या नावाने येईल, जिलब्या मारुतीवरून उजवीकडे, पासोड्या मारुतीशी थांबा, खुन्या मुरलीधराच्या मागे. घाबरू नका, ही देवळंच आहेत. रिक्षा मीटरने नाही म्हणाली तर ॲपवरून बोलवा, वाद घालण्यात सुट्टी घालवू नका. आणि बाकरवडी शेवटच्या दिवशीच घ्या, आधी घेतली तर रूमवरच संपते, चितळेंची पाकिटं स्वारगेट आणि स्टेशनच्या आसपासही मिळतात, त्यासाठी मुद्दाम सदाशिव पेठेत बॅगा घेऊन फिरायची गरज नाही.